आजीची कवळी आणि गुडइयरचं पेटंट

गेले तीन विकांत इथे काही टंकलं नाही. रिलीज होतं हे एक कारण (ते कायमच असतं), पण खरं कारण म्हणजे आजीची कवळी.

माझी आजी कऱ्हाडला असते. पुण्याला आमच्याकडे आली की बेसिनच्या कोपऱ्यात तिचा झाकणाचा स्टीलचा डबा येतो, आणि रात्री त्यात पाणी घालून दोन्ही कवळ्या ठेवल्या जातात. मी दुसरीत असताना, म्हणजे २००४-०५ च्या सुमारास, त्या आल्या. लहानपणी मला वाटायचं की म्हातारपणी सगळ्यांनाच अशी दात काढून ठेवायची सोय मिळते, आणि ब्रश करायला लावणाऱ्या आईपेक्षा आजीचा नंबर बरा लागलाय. तर यंदा जूनमध्ये सकाळी कवळी धुताना खालची तिच्या हातातून सटकली, बेसिनवर आपटली आणि मधोमध तिचे दोन तुकडे झाले.

आजीचं म्हणणं, "जाऊ दे रे. ब्याऐंशी पूर्ण झाली. आता काय ऊस खायचाय मला? पेज पिईन."

आणि मी, आयटीवाला नातू, म्हणालो, "आजी, आता सगळं डिजिटल झालंय. घाबरू नकोस. दोन चकरांत नवीन."

हे वाक्य मला पुढे दोन महिने पुरलं.

एका चकाचक क्लिनिकमध्ये गेलो. तिथे स्कॅनर होता, मोठा स्क्रीन होता, आजीच्या हिरड्या त्यावर गुलाबी डोंगररांगेसारख्या गोल गोल फिरत होत्या. मला तर फारच मजा आली. दोन नाही, तीन चकरांत वरची-खालची अशी नवी जोडी आली. पांढरेशुभ्र, एका ओळीत परेडला उभे केल्यासारखे दात. आजी आरशात बघून म्हणाली, "ही कोण बाई?" आम्ही हसलो. नंतर हसू मावळत गेलं, कारण आजीला त्या दातांनी भाकरी तुटेना, आणि बोलताना 'स' आला की शिट्टी वाजायला लागली. "सवय होईल, महिनाभर द्या," असं सांगण्यात आलं. आजीनं महिनाभर दिला. त्या महिन्यात ती आमच्याबरोबर जेवायला बसायची बंद झाली, आम्ही उठल्यावर एकटी वरणभात कालवून खायची. पुण्यातल्या तिच्या बहिणीच्या भजनी मंडळात ती हौसेनं जायची, तेही बंद. विचारलं तर "गुडघे दुखतात." गुडघे दुखत नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं.

तर अशा वेळी आपल्यासारखी माणसं काय करतात? जालावर बसतात आणि वाचत सुटतात. मी कवळ्यांचा इतिहास वाचायला घेतला. सुरुवातीला नुसता अपराधीपणा घालवायला, पण मग त्यात असा अडकलो की एका रात्री दोन वाजले. कवळीच्या इतिहासात खून आहे, युद्ध आहे, आणि आमच्या धंद्यात रोज शिव्या घालतो ते लायसन्सिंगही आहे.

पहिली गोष्ट, जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलंय. नव्हती. १७८९ साली तो अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्याच्या वेगवेगळ्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात, हस्तिदंत, शिसं, धातूच्या स्प्रिंगा आणि खरे मानवी दात होते. वर-खाली दोन्ही भाग स्प्रिंगनं जोडलेले, त्यामुळे तोंड बंद ठेवायला कायम जबडा दाबून धरायला लागायचा. त्याच्या चित्रांत ओठ इतके घट्ट मिटलेले का दिसतात ते यावरून कळतं. आणि एक नोंद अशी आहे की वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. १७८४ च्या मे महिन्यात त्याच्या हिशेबाच्या वहीत 'निग्रोंना' नऊ दातांपोटी रोख पैसे दिल्याची एक ओळ आहे. गुलाम माणसाला दाताचे पैसे मिळाले म्हणजे त्यानं तो राजीखुशीनं विकला असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो.

खऱ्या लाकडी कवळ्या होत्या जपानात. वाकायामाच्या एका देवळात १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची वरची कवळी जपून ठेवलेली आहे. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या एकाच तुकड्यातून दातांसकट कोरलेली. मूर्ती कोरणाऱ्यांचा हात असलेलं काम. आणि गंमत म्हणजे ती स्प्रिंगेवर नाही, टाळूला चिकटून राहत होती. स्प्रिंग न लावता नुसत्या नीट बसण्यानं कवळी वर टिकते हे पाश्चात्त्य दंतवैद्यांच्या ध्यानात यायला १८०० साल उजाडलं.

'नीट बसणं' म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या ओढून सुटत नाहीत, सरकवायला लागतात. वरच्या कवळीचं तसंच. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा थर जितका पातळ, तितकी पकड घट्ट. म्हणजे कवळीचा आतला पृष्ठभाग हिरडीशी जितका तंतोतंत, तितकं बरं. आणि गेल्या अडीचशे वर्षांत जे जे नवं मटेरियल आलं, त्यातलं जवळजवळ प्रत्येक साच्यात किंवा भट्टीत गेलं की आक्रसायचं.

हस्तिदंत आक्रसत नाही, पण सडतो. तोंडात ठेवलेलं ते शेवटी जनावराचं हाड-दातच. पिवळं पडतं, वास मारतं. पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ गावात अॅलेक्सी द्युशातो नावाचा एक औषधविक्रेता होता. दिवसभर औषधं कुटून-चाटून त्याच्या हस्तिदंती कवळीला असह्य वास यायला लागला. त्याची औषधं खलायची भांडी चिनी मातीची होती, आणि त्यांना कसलाच डाग-वास लागत नव्हता. मग दात का नाहीत? १७७४ च्या सुमारास त्यानं चिनी मातीच्या कारखान्यात जाऊन स्वतःसाठी कवळी भाजून घेतली. पहिले प्रयत्न फसले, कारण माती भट्टीत आक्रसते आणि कवळी बाहेर येते ती लहान. अंदाजानं मोठी करायची, भाजायची, घालून बघायची, परत करायची. (आमच्याकडे याला अजाईल म्हणतात.) त्याला द्युबुआ द शेमाँ नावाच्या दंतवैद्याची मदत झाली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. मदतनिसानं मिश्रण सुधारलं, १७८९ च्या सुमारास राजाकडून हक्क स्वतःच्या नावावर करून घेतला, द्युशातोनं तक्रार केली, आणि तो हरला. पुढे क्रांतीच्या गडबडीत द शेमाँ इंग्लंडला पळाला आणि तिथे धंदा जोरात चालवला. १८११ चं रोलँडसनचं एक व्यंगचित्र आहे. त्यात फ्रेंच दंतवैद्य एका जाडजूड बाईच्या तोंडातली चकचकीत चिनी मातीची कवळी गिऱ्हाइकाला दाखवतोय. ते बघून मला आमच्या त्या क्लिनिकच्या भिंतीवरचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो आठवले.

ज्यांना चिनी माती नको होती त्यांना खरे दात हवे असत. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत हजारो तरुण माणसं एका दिवसात मेली, आणि त्यांचे समोरचे दात उपटून पोत्यांनी इंग्लंडला गेले. 'वॉटर्लू टीथ' हे नाव पुढे अनेक दशकं टिकलं. आधी दात यायचे ते थडगी उकरून किंवा गरिबांच्या तोंडातून. तरुण निरोगी सैनिकाचे दात म्हणजे उत्तम माल. यावर जास्त लिहीत नाही, जेवणाची वेळ झालीय.

आता मूळ कथा. १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टननं इथर देऊन बिनवेदनेचं ऑपरेशन करून दाखवलं. हे आपण शस्त्रक्रियेच्या इतिहासात वाचतो, पण मॉर्टन होता दंतवैद्य, आणि त्याला भूल हवी होती ती कवळ्यांसाठी. चांगली कवळी बसवायची तर आधी उरलेली खुंटं आणि मुळं काढायला हवीत, आणि त्या वेदनेला घाबरून गिऱ्हाइकं पळत. भूल आली आणि लोक भराभरा दात काढून घ्यायला लागले. बोळक्या तोंडांची संख्या वाढली, पण कवळीचा तळ तर सोन्याचा. सामान्य माणूस काय करणार?

त्याच वेळी रबर तयार होतं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवलं की रबर उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे शोधून काढलं. गंधकाचं प्रमाण बरंच वाढवलं की हेच रबर लाकडासारखं कठीण होतं. त्याचं पेटंट १८५१ साली चार्ल्सचा भाऊ नेल्सन यानं घेतलं. (चार्ल्स बिचारा १८६० साली डोक्यावर कर्ज ठेवून मेला. टायरची कंपनी १८९८ ची, तिनं फक्त नाव घेतलं.) हे कठीण रबर म्हणजे व्हल्कनाइट. मऊ असताना प्लास्टरच्या साच्यात दाबायचं, त्यात चिनी मातीचे दात रोवायचे, वाफेच्या छोट्या बॉयलरमध्ये तापवायचं, की कवळी तयार. माप तोंडाचंच असल्यामुळे बसायची झकास. सोन्याच्या मानानं फुकटच. रंग मात्र मूळचा काळपट तपकिरी, म्हणून त्यात हिंगूळ घालून तो लाल करायचे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा क्षार, तोंडात, दिवसभर. त्या काळाला ते चालायचं.

इथे बॉस्टनचा जॉन कमिंग्ज नावाचा दंतवैद्य येतो. रबरी कवळीचं पेटंट मिळावं म्हणून तो १८५० च्या दशकापासून अर्ज करत होता. सारखा नाकारला जात होता. शेवटी १८६४ साली ते मिळालं. ते पेटंट 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी'नं ताब्यात घेतलं. तोवर देशभरचे दंतवैद्य कित्येक वर्षं रबरी कवळ्या करत होते. आता कंपनीनं सांगितलं, लायसन्स घ्या. दवाखान्यासाठी वार्षिक फी, शिवाय प्रत्येक कवळीमागे रॉयल्टी. म्हणजे पर-सर्व्हर लायसन्स आणि वर पर-युजर. ओळखीचं वाटतंय ना?

कंपनीचा खजिनदार होता जोसाया बेकन. हा माणूस हिशेब ठेवत बसणारा नव्हता, वसुलीवाला होता. गावोगाव जाऊन तो दंतवैद्यांवर खटले भरायचा. दंतवैद्यांनी वर्गणी काढून कायदेशीर लढा दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि १८७० च्या दशकात कोर्टानं पेटंट वैध ठरवलं. बेकनला आणखी जोर चढला. त्याच्या यादीत सॅम्युएल चाल्फंट नावाचा एक दंतवैद्य होता. हा मूळ डेलावेअर राज्यातला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचा. तो फी द्यायला तयार नव्हता. त्यानं बाडबिस्तरा आवरला आणि पश्चिमेकडे सरकत सरकत थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं. पुढे समुद्रच. बेकन तिथेही पोचला.

१३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. सकाळी चाल्फंट बेकनच्या हॉटेलातल्या खोलीवर गेला. खिशात पिस्तूल. त्याचं म्हणणं, नुसतं बोलायला गेलो होतो, धमकावायला पिस्तूल काढलं आणि ते उडालं. बेकन मेला. चाल्फंटला दहा वर्षांची शिक्षा झाली, सॅन क्वेंटिन तुरुंगात.

चाल्फंटचं समर्थन करायचा प्रश्नच नाही, खून तो खून. पण बेकनबद्दल मला जे वाटलं ते सांगतो. तो कायद्यानं पूर्ण बरोबर होता. त्याच्याकडे पेटंट होतं, कोर्टाचा निकाल होता. आणि त्यानं स्वतः आयुष्यात एकही कवळी बनवली नव्हती. ज्या वस्तूमुळे सामान्य माणूस पहिल्यांदा म्हातारपणी चावून खायला लागला, तिच्यावर हा माणूस टोलनाका लावून बसला. १८८० साली सुप्रीम कोर्टानं सेल्युलॉइडची कवळी या पेटंटात येत नाही असा निकाल दिला, पण सेल्युलॉइडला कापराचा वास यायचा आणि गरम पेयांनी ते वाकडं व्हायचं, त्यामुळे त्याचा उपयोग निकालापुरताच. १८८१ साली कमिंग्जचं पेटंट संपलं. त्यानंतर पन्नासेक वर्षं जगानं लाल-तपकिरी रबराच्या कवळ्या निवांत वापरल्या.

मग १९३६-३७ साली अॅक्रिलिक आलं. तेच ते प्लेक्सिग्लास किंवा पर्स्पेक्स, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या काचेचं. पावडर आणि लिक्विड मळून कणकेसारखा गोळा करायचा, साच्यात दाबायचा, गरम पाण्यात शिजवायचा. गुलाबी रंग हिरडीसारखा, हलकं, वास नाही. दहा वर्षांत व्हल्कनाइटची सुट्टी झाली. (अवांतर: विमानाच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यात राहूनही डोळा बिघडत नाही हे पाहून हॅरोल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरनं १९४९ साली त्याच अॅक्रिलिकची भिंग मोतीबिंदूच्या पेशंटच्या डोळ्यात बसवली. आमच्या आजीच्या पिढीचे दात आणि डोळे दोन्ही असे युद्धातून आलेत.)

आजीची २००४ ची कवळी याच जातीची. पण अॅक्रिलिकही आक्रसतं. पावडर-लिक्विडच्या गोळ्याचं आकारमान शिजताना साधारण सात टक्के कमी होतं. त्यामुळे टाळूच्या मागच्या बाजूला बारीक फट राहतेच, आणि लॅबमधले जुने लोक प्लास्टरवर थोडं खरवडून ती भरून काढतात. हाताचा अंदाज, द्युशातोसारखाच.

कॉम्प्युटर या सगळ्यात उशिरा आला. दातांसाठी तसा लवकर आला, म्हणजे फ्रान्सच्या फ्रांस्वा द्यूरेनं १९७३ साली प्रबंधात दाताचं माप प्रकाशानं घ्यायची कल्पना मांडली, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये झुरिकला म्योरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी खुर्चीतल्या पेशंटसाठी तिथल्या तिथे चिनी मातीचं भरण मशीनवर कोरून बसवलं. पण कवळी? जपानमध्ये १९९४ साली पहिला प्रयोग झाला, आणि बाजारात यायला २०१० नंतरचं दशक लागलं. थ्री-डी प्रिंटेड कवळीच्या रेझिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती २०१५ साली.

एवढा उशीर का? हा प्रश्न मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. तोंडातला स्कॅनर म्हणजे एक छोटा कॅमेरा. तो सेकंदाला पुष्कळ चित्रं घेतो आणि सारखे भाग जुळवून ती शिवत जातो, आपल्या फोनच्या पॅनोरमासारखं. दात असले की जुळवायला खुणा असतात, खाचा, टोकं, कडा. बोळक्या तोंडात काय असतं? गुळगुळीत, ओली, चमकणारी, आणि वर हलणारी हिरडी. पॅनोरमात समुद्र आणि आकाशाचा फोटो कसा गंडतो, तसंच. एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत जाईतो छोट्या छोट्या चुका साचत जातात. आणि दुसरं म्हणजे हिरडी ही वस्तू नाही, तो ऊतक आहे. गालाचे, जिभेचे स्नायू हलतात तेव्हा कवळीची कड कुठे थांबायला हवी, हे स्थिर चित्रात दिसतच नाही. म्हणून अजूनही बरेच चांगले दंतवैद्य माप पेस्टनंच घेतात आणि मग ते माप स्कॅन करतात.

पुढचा भाग मात्र खरोखर बदललाय. गुलाबी अॅक्रिलिकची दहाएक सेंटिमीटर व्यासाची जाड चकती कारखान्यात आधीच प्रचंड दाबाखाली पक्की करून येते. जे काय आक्रसायचं ते तिथे आक्रसून झालेलं असतं. मशीन तिच्यातून कवळी कोरतं. अडीचशे वर्षांत पहिल्यांदा असं झालं की कवळी आकार घेतल्यानंतर आक्रसत नाही. म्हणजे आपण परत त्या जपानी भिक्षुणीच्या लाकडाच्या ठोकळ्यापाशी येऊन पोचलो, फक्त छिन्नी बदलली. प्रिंटरचं वेगळं. तो रेझिनचे पातळ थर प्रकाशानं घट्ट करत जातो, स्वस्त आणि झटपट, पण ते रेझिन थोडं आक्रसतंच आणि कोरलेल्या चकतीइतकं टणकही नसतं.

हे सगळं वाचून मी हुशार झालो, पण आजी वरणभातच खात होती. शेवटी आईच्या मैत्रिणीनं एका दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. वयस्कर बाई, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर साधा दवाखाना. त्यांनी नव्या कवळ्या बघितल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाल्या, "काम वाईट नाहीये. आजी, तुमची जुनी कवळी टाकली नाही ना?"

आजीनं पर्समधून रुमालात बांधलेले तुकडे काढले. दोन महिने ती ते घेऊन फिरत होती. आम्हाला पत्ता नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "वीस वर्षं यांच्या जिभेला, गालाला हीच कवळी माहीत आहे. दात कुठे आहेत, किती पुढे आहेत, सगळं. ते सोडून तुम्ही पुस्तकातले दात बसवलेत." माझे कान लाल झाले. चालू असलेली जुनी सिस्टीम न वाचता नवी लिहायला घेणाऱ्यांना मी ऑफिसात किती बोलतो, ते टीममधल्यांना विचारा.

त्यांनी तुकडे जोडून घेतले आणि जुन्या कवळ्या सगळ्या बाजूंनी स्कॅन केल्या. बाहेरून आकार जुनाच ठेवायचा. झिजलेले दात थोडे उंच करायचे. आतली बाजू मात्र नव्या मापाप्रमाणे, कारण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं. पंचवीस वर्षांपर्यंत पेशंट तपासून केलेला १९७२ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात खालचं हाड वरच्याच्या चौपट झिजलेलं आढळलं. म्हणून खालची कवळीच कायम नाचते. (२००२ साली मॉन्ट्रियलला तज्ज्ञांनी बसून ठरवलं की खाली निदान दोन इम्प्लांटवर बसवलेली कवळी हाच पहिला पर्याय असावा. आजीला विचारलं. "हाडात स्क्रू? माझ्या?" विषय संपला.)

आधी त्यांनी प्रिंटरवर एक पांढरी चाचणीची जोडी काढली आणि आठवडाभर वापरायला दिली. मग बोलायची परीक्षा. पाठ्यपुस्तकात यासाठी इंग्रजी आकडे म्हणायला लावतात, साठपासून सत्तरपर्यंत, 'स'साठी. या बाईंनी आजीला म्हणायला लावलं, "चार चमचे साखर." मला आधी काही कळलं नाही. मग पेटली. मराठीत च दोन आहेत. चहातला वेगळा, चमच्यातला पहिला वेगळा. एकात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. वरचे दात दीड मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की दुसरा च पहिल्यासारखा व्हायला लागतो आणि 'स' शिट्टी मारतो. परदेशी सॉफ्टवेअरच्या दातांच्या साच्यात हे कुठून असणार? डॉक्टरांनी समोरचे दात मागून जरा घासले, आजीनं पुन्हा चार चमचे साखर मागितली, पुन्हा घासले. पाचव्या वेळेला बाई म्हणाल्या, "आला बघा चमचा." मग घासलेली ती जोडी परत स्कॅन झाली आणि शेवटची कवळी चकतीतून कोरून आली.

चर्चिलची एक गोष्ट यावरून आठवली. त्याचं ते प्रसिद्ध बोबडेपण टिकावं म्हणून त्याची वरची कवळी मुद्दाम सैल बनवलेली असायची. त्यातली एक २०१० साली लिलावात १५,२०० पौंडांना गेली. भाषणं देणाऱ्या माणसाचा आवाज कवळीत असतो हे त्याच्या तंत्रज्ञाला स्कॅनरशिवाय कळलं होतं.

आजीच्या फाइल्स मी डॉक्टरांकडून पेनड्राइव्हवर मागून घेतल्या. पुन्हा बेसिनवर आपटली तर माप घ्यायला नको, नुसती फाइल पाठवली की झालं. फॉरमॅट एसटीएल, १९८७ च्या सुमाराचा, पहिल्या थ्री-डी प्रिंटरबरोबर आलेला. नुसते त्रिकोण. त्यात रंग नाही, आणि कहर म्हणजे एककच नाही. साठ म्हणजे साठ काय, ते फाइलला माहीत नसतं. घरी ब्लेंडरमध्ये उघडली तर त्यानं साठ मीटर धरलं. आजी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "एवढं मोठं तोंड आहे का रे माझं?" बाबा पेपरमागून म्हणाले, "मी काही बोलत नाही."

गेल्या रविवारी तिला कऱ्हाडला सोडून आलो. काल रात्री फोन केला तर मागून टाळांचा आवाज येत होता, म्हणून घाईत बोलली. मी आठवण केली की डॉक्टरांनी पंधरा दिवस कडक काही खायचं नाही सांगितलंय, चकली तर अजिबात नाही.

"चकली मऊ होती," आजी म्हणाली, आणि फोन ठेवला.